नमुना क्रमांक चारशे बारा

माणसांची जनुकं संगणकावर चाळायची आणि मनाच्या आजाराचं मूळ शोधायचं, हे तिचं काम. प्रयोगशाळेत ‘वेड’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. नातेवाईक मात्र सर्रास उच्चारत, तोही आईकडे बघून. कारण तिच्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले, त्याच्या तीनच आठवडे आधी आईनं रागाच्या भरात त्याच्या डोक्यात उलथनं घातलं होतं. तीन टाके पडले. “तूच पोराचं डोकं बिघडवलंस,” असं वडील मरेपर्यंत ऐकवत राहिले आणि आई मुकाट ऐकत राहिली. लेकीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आईच्या माथ्यावरचा हा दोष आपण पुसायचा.

त्यासाठी सहा वर्षं खपली. आठशे रुग्ण जमवले, त्यांत धाकटाही होता. रुग्णांच्या आईवडिलांची यादी वेगळी, तिच्यात आई होती. नियम साधा होता. रुग्णात सापडलेला दुर्मीळ बिघाड एका जरी निरोगी माणसात दिसला, तर तो निरुपद्रवी धरायचा आणि प्रोग्रामनं गाळून टाकायचा. गाळून गाळून हाती काहीच उरत नव्हतं.

त्या सोमवारी नव्या सांख्यिकीवाल्यानं, ज्याला दुसऱ्याचं झाकलेलं उघडून बघायची भारी हौस, जनुकांवरून नात्यागोत्याची तपासणी निरोगी माणसांवरही चालवली. आजवर ती फक्त रुग्णांपुरती होत असे.

“मॅडम, गंमत बघा,” तो म्हणाला. “निरोगी नमुना चारशे बारा आणि तुमचा एक रुग्ण, सख्खी भावंडं आहेत! कुठल्या शहाण्यानं भरलाय हा?”

शहाणी त्याच्या समोरच बसली होती. पहिल्या वर्षी निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा आपण धडधाकटच आहोत म्हणून तिनं स्वतःचं रक्त देऊन टाकलं होतं.

चारशे बारा काढून तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. दुपारी निकाल आला. एका जनुकाचा तुकडाच गायब होता: धाकट्यात, आणखी चौदा रुग्णांत, आणि निरोगी यादीत आता कुणातच नाही. तिच्याच रक्तात तो बिघाड दिसत असल्यानं प्रोग्राम तो दरवेळी गाळत आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सहा वर्षांचा! तिला स्वतःची भयंकर चीड आली. तो तुकडा आपल्यातही नाही, ही भीती तिनं उद्यावर ढकलली. आईच्या नमुन्यातही तो नव्हता. ते आईला सांगायचंच नाही, असं तिनं ठरवलं. उलथन्यानं जनुक तुटत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई पलंगावर बसून धाकट्याच्या पायजम्यांच्या नाड्या ओढून काढत होती. तो होता त्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात नाडी चालत नाही.

“आई, सापडलं गं! तुझ्या मारण्याचा काही संबंध नाही. त्याच्यात जन्मापासूनच एक तुकडा कमी आहे.”

आईचे हात थांबले. “खरं सांगतेस?”

“अगदी खरं. तू त्याला बोट लावलं नसतंस, तरी धोका होताच.”

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच आईचा चेहरा सैल पडला. लेकीच्या जन्माचं सार्थक झालं.

“पण जन्मापासून म्हणजे आला कुठून हा धोका?” आईनं विचारलं.

वडिलांच्या नावावर सहज खपलं असतं. त्यांना आता विचारायला कोण जाणार होतं? पण खोटं बोलायला तोंड उघडलं की तिची नजर आधी खाली जायची, तशीच ती आताही गेली. ती सवय आईला पाठ होती.

“माझ्याकडून,” आईच म्हणाली.

“अगं, त्यात तुझा काय दोष? माझ्यातही आहे. मला कुठे काय झालंय?”

आईनं पायजम्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मारलं, त्याची माफी तरी मागता येत होती,” ती म्हणाली. “दर रविवारी जाऊन मागत होते. आता कशाची मागू? जन्माला घातलं, त्याची?”