तीस हजार एकतीसचा ताठा

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. तीस हजार एकतीस. वीस वर्षांपूर्वी गणिताच्या सरांनी मला फळ्याच्या वर भिंतीवर पांढऱ्या रंगाने लिहिले आणि खाली लिहिले, 'मूळ संख्या'. म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून मला कोणीही निःशेष भागू शकत नाही.

माझा जन्म साधा. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला की मी. त्या सहांपैकी कोणीही मला भागले तरी एक उरतोच. सरांनी तिथेच हात झटकले आणि मला मोठेपण मिळाले.

मग माझे नाक वर गेले. शेजारीण तीस हजार तीस मला कस्पटासमान वाटे. जो येईल त्याला ती दार उघडणार! लाखाची तर मला कीवच येई. पुढे एकटा एक आणि मागे पाच शून्यांचे लटांबर. खाली पेन्सिली चावत बसणाऱ्या पोरांकडे मी बघतही नसे.

यंदा गणिताच्या स्पर्धेला वर्गातून एकच जण जाणार होता. चाचणीत प्रश्न आला, मी मूळ आहे का? शिंप्याच्या मुलीने लिहिले, 'नाही'. त्या एका गुणाने तिची जागा हुकली.

"भिंतीवर बघून लिहायचं, तेही जमलं नाही का गं?" सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले.

"सर, तुम्ही तेरापाशी थांबलात," ती म्हणाली. "मी घरी पुढे भागत गेले."

"कुठपर्यंत?"

"एकोणसाठपर्यंत. आई जेवायला हाका मारून दमली."

"कापड बेतत बसली असेल," मागून कोणीतरी खुसखुसले.

"बेतलं म्हणून तर बसलं," ती मागे न वळता म्हणाली. "एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. करून बघा, सर."

सरांनी गुणाकार केला. पुसला. पुन्हा केला. दोन्ही वेळा मीच आले.

वीस वर्षे मी दुसऱ्यांना हिणवले आणि माझ्याच पोटात दोघे बसले होते! ते मलाही ठाऊक नव्हते, कारण मीही कधी तपासले नव्हते. माझ्याइतकी पोकळ ऐट त्या बिचाऱ्या लाखानेही केली नसेल.

मग स्टुलावर चढून सरांनी 'मूळ संख्या' खरवडून काढले आणि स्पर्धेच्या यादीत शिंप्याच्या मुलीचे नाव घातले.

मित्रांनो, कोणावरही शिक्का मारण्याआधी शेवटपर्यंत तपासा. माझ्यासाठी ते एकशे त्र्याहत्तरपर्यंत जाणे होते, कारण त्यापुढच्या संख्येचा वर्ग माझ्याहून मोठा होतो. अर्ध्यात दमणाऱ्यांचा मला अजूनही तिटकारा आहे. आताही सर दुसऱ्या वर्गांना मला भागून दाखवतात आणि तेरापाशी थांबतात. पण आता ते वळतात, खडू पुढे करतात आणि विचारतात, "पुढे कोण येतंय?"