आठव्या टपरीची जागा

निवडणूक आली की आमच्या गावच्या चौकात प्रत्येक पक्षाची एक लाकडी टपरी उभी राहते. सगळ्या एकाच मापाच्या, आणि मधलं अंतरही सारखंच. आम्हा स्वीडिश लोकांना समान वाटपाचं भलतंच वेड. यंदा आठवी टपरी आमची होती. आमचा पक्ष म्हणजे मूठभर माणसं आणि माझी कॉफीची किटली. मोजून पाहिलं तर आमच्या वाट्याला दीड मीटर जागा कमी, कारण चौकाच्या तोंडाशी गाड्या अडवायला ठेवलेला सिमेंटचा ठोकळा. मी नगरपालिकेला खरमरीत पत्र लिहिलं : छोट्या पक्षावरच अन्याय का? तिसऱ्या दिवशी ठोकळा हलला. जिरवली, असं म्हणून मी घरभर मिरवलो.

दहा दिवसांनी, ऐन बाजारात, एका अतिरेक्याने त्याच फटीतून व्हॅन घातली. तीन माणसं गेली. त्यांत आल्वार सुताराची एकुलती एक मुलगी टूवा, एकोणीस वर्षांची.

मग स्टॉकहोमहून पुढारी आले. प्रत्येकाने फुलं ठेवली आणि पाठ वळायच्या आत दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सरकार म्हणे, पोलिसांनी कळवलंच नाही. विरोधक म्हणत, गृहमंत्र्यांनी राजीनामा द्यावा. पोलिसांचं एकच, चौकशी चालू आहे. आमचा पुढारीही तेच बडबडला आणि मी मुकाट त्याला कॉफी दिली. ठोकळ्याचं नाव कोणी काढलं नाही. त्याचं मला बरं वाटत होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

मतदानाला आठ दिवस उरले होते. शनिवारी सकाळी गुनवोर तिच्या टपरीतून बाहेर आली. ती आमची नगराध्यक्ष, सत्ताधारी पक्षाच्या यादीत पहिली. आमच्याकडे मतपत्रिका पक्षच वाटतात. मत पक्षाला देतात, आणि आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारता येते. गुनवोर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मतपत्रिका देत होती आणि शांतपणे सांगत होती.

"मत द्यायचं तर पक्षाला द्या. माझ्या नावापुढे फुली मारू नका. ठोकळा हलवायच्या हुकमावर माझी सही आहे. हलवू नका, असं पोलिसांचं पत्र आलं होतं. मी ते वाचलं होतं."

तिच्या पक्षाचा चिटणीस रुने धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? चौकशीचा अहवाल तरी येऊ दे!"

"अहवाल निवडणुकीनंतर येणार आहे, रुने. म्हणून तर आज सांगतेय."

मी किटली हातात धरून तसाच उभा राहिलो. वीस वर्षं मी या बाईशी भांडलो, तिला नाही नाही ती नावं ठेवली. इतकं मोठं काही मी आयुष्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिलं ते चौकात, भर उन्हात, साधा कोट घातलेल्या बाईच्या वागण्यात.

तेवढ्यात आल्वार आला. लोक आपोआप बाजूला झाले.

"कुणासाठी हलवलास?" त्याने विचारलं.

"मागणारे मागतात, आल्वार. नाही म्हणायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

माझ्या टपरीकडे तिने नजरसुद्धा वळवली नाही. माझं नाव घेतलं असतं तर अर्धा दोष तिथल्या तिथे माझ्यावर आला असता. गप्प राहिलो असतो तर कोणाला कधी कळलं नसतं. पण तिच्यासमोर गप्प राहणं मला जमेना. मी बाहेर आलो.

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "तक्रार माझी होती."

आल्वार आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. आता थोबाडीत बसणार, अशी माझी खात्री होती. बसली तर बसू दे, असंही वाटलं. पण तो माझ्या टपरीपुढच्या बाकावर मटकन बसला.

"बसा," तो म्हणाला.

आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो.

"त्या दिवशी बाजारातून अळंबी आणायला मी जाणार होतो," तो म्हणाला. "कंटाळा केला. टूवाला पाठवलं. हे मी अजून तिच्या आईलाही सांगितलेलं नाही."