दोन पाळ्यांची सोय

मुकादम हे काही तिचं नाव नव्हतं. मंडळातल्या बायकांनी ते तिला चिडवायला ठेवलं आणि चिडवता चिडवता ते चिकटलं. एरवी ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणारी, "बसा, बोलावतील" म्हणणारी साधी बाई. पण वर्षातून दोनदा शाळेचा हा हॉल मंडळाच्या ताब्यात आला, की तिच्या आवाजाला धार यायची. टेबलं इकडे, खोकी तिकडे, खुर्च्या भिंतीला. मध्येच कुणी चहाचा कप घेऊन बसली तर तिची धडगत नसायची.

काम चांगलं होतं, आणि चांगल्या कामाचा वीट आलाय हे कुणाला सांगता येत नाही, हीच तर गोम होती. ज्या मुलांचे आईबाप सध्या त्यांना सांभाळू शकत नाहीत, अशी मुलं काही महिने, काही वर्षं आपल्या घरी ठेवून घेणारी फॉस्टर कुटुंबं त्या भागात बरीच होती. मूल यायचं ते बहुतेक वेळा अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हणून मंडळातल्या बायका घरोघरी हिंडून कपडे, बूट, दप्तरं, खेळणी गोळा करायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या, मापाप्रमाणे लावायच्या, आणि एका रविवारी या सगळ्या कुटुंबांना बोलवायच्या. मुलांनी टेबलांवरून हवं ते आपल्या हाताने उचलायचं, वर केक आणि थोडे खेळ. बघायला आलेले लोक कौतुक करायचे. कौतुक करायला काय जातंय? डाग काढायला कोण येतं?

मागच्या खेपेला हॉलमध्ये अशी झुंबड उडाली की पाय ठेवायला जागा उरली नाही. मोठ्या मुलांच्या धक्काबुक्कीत लहानगी रडली, एक टेबल आडवं झालं, आणि ते उचलताना मुकादमची कंबर जी धरली ती अजून सुटली नव्हती. म्हणून या वेळी तिने डोकं लढवलं. कार्यक्रम दोन पाळ्यांत करायचा, सकाळी लहान मुलं, दुपारी मोठी. बायकांनी तिला अगदी डोक्यावर घेतलं. आतली गोष्ट अशी, की दुपारची पाळी केकवालीच्या गळ्यात घालून मुकादमला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण केकवालीला ते न सांगताच कळलं होतं.

"जा बाई तू," सकाळची पाळी संपत आली तशी केकवाली म्हणाली. ही खरंच बेकरीत केक करायची, आणि तिचे दंड बघून कुणाची वाद घालायची छाती होत नसे. "तोंड बघ जरा आरशात. या टेबलांवर ठेवली तर कुणी फुकटसुद्धा उचलायचं नाही तुला."

मुकादम हसली, पर्स उचलली आणि दाराशी आली. दारापाशी, जिथे सगळ्यांनी आपले कोट काढून ठेवले होते त्या बाकावर, पाचेक वर्षांची एक मुलगी बसली होती. रिकाम्या हातांनी. पिशवी नाही, बाहुली नाही, केकचा तुकडाही नाही.

"काय गं, तुला काहीच आवडलं नाही का?"

"मी ताई आल्यावर घेणार," मुलगी म्हणाली. "ताईला माझा रंग माहितीये."

"कुठली ताई?"

"माझी. मोठी. ती इथेच येते."

मुकादमने तिच्याकडे नीट पाहिलं. या दोघी बहिणी तिला आठवल्या. मागच्या खेपेला त्या गर्दीत हात धरून टेबलांमधून फिरत होत्या, आणि तिनेच त्यांना "वाट अडवू नका गं" म्हणून दटावलं होतं. धाकटी एका घरी, थोरली गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या घरी. दोघींना एकत्र ठेवून घेणारं घर मिळालं नव्हतं. थोरली दहा वर्षांची, म्हणजे नव्या सोयीप्रमाणे दुपारच्या पाळीत. कपड्यांची मापं, बुटांचे नंबर, केकचे तुकडे, सगळ्याचा विचार तिने केला होता. पण ही मुलं इथे कपड्यांसाठी येतच नसतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटीला सांभाळणारी बाई आली. ही हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती, चादरींच्या वाफेने हात कायमचे लाल झालेले. तिने कोट उचलला. "चल गं, मला कामावर जायचंय. तुला शेजारच्या आजींकडे सोडते."

"अहो, थांबा ना," मुकादम म्हणाली. "हिची बहीण दुपारी येणारेय."

"माहितीये मला." लॉन्ड्रीवालीने इकडेतिकडे पाहिलं आणि मुकादमला जरा बाजूला घेतलं. "खरं सांगू का? तुम्ही दोन पाळ्या केल्यात ते ऐकून मला बरंच वाटलं. मागच्या वेळी भेटल्या, तर घरी आल्यापासून रात्र रात्र रडायची. डोळ्याला डोळा नाही. मी उभ्या उभ्या पेंगत चादरी काढायचे हो मशिनीतून. एकदा हातच भाजला. न भेटलेलंच बरं. हळूहळू विसरेल."

मुकादमला स्वतःचं घर आठवलं. तिच्याही घरी अशीच सांभाळायला घेतलेली एक मुलगी होती पूर्वी. दोन वर्षं राहून ती परत आपल्या आईकडे गेली. चांगलं झालं असं सगळे म्हणायचे, मुकादमही म्हणायची, आणि नंतर कितीतरी दिवस भाजी चिरताना हिला गाजर आवडतं म्हणून गाजराचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायची. विसरणं काय असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण समोरची बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं खोटी नव्हती.

गप्प बसून घरी जावं असं मुकादमला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. कुणी तिला दोष दिला नसता. कंबर ठणकत होती, घरी पलंग होता, आणि सगळं जगच काही तिने एकटीने ओढायचा मक्ता घेतला नव्हता.

"हिला माझ्याजवळ ठेवून जा," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून तिला स्वतःचा राग आला. "मी थांबते. फॉस्टर आई म्हणून माझी तपासणी झालीय, मुलं सोपवणाऱ्या संस्थेच्या बाईंना फोन करून विचारते. काम झालं की न्या."

"आणि रात्री?"

"रात्रीचं मला काही सांगता येणार नाही," मुकादम म्हणाली. ते खरंच होतं.

लॉन्ड्रीवालीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी बाकावरून पाय हलवत होती आणि दार उघडलं की मान वर करत होती. "तुम्हाला काय, तुम्ही एक दिवस चांगुलपणा करून मोकळ्या," लॉन्ड्रीवाली म्हणाली. ते मुकादमला लागायचं तिथे लागलं. पण कोट घालून ती एकटीच गेली. संस्थेच्या बाईंनीही फोनवर हो म्हटलं.

दुपार सरता सरेना. आधी मोठ्या मुलांचे कपडे मांडायचे होते, तेही मुकादमच्याच अंगावर पडले. केकवाली "तू गेली नाहीस?" म्हणाली, बाकावर पाहिलं आणि खोकी उघडायला लागली. धाकटी थोडा वेळ गाणं म्हणत बसली, मग नुसती बसली, मग कोटांच्या ढिगात कलंडून गाढ झोपली. दार उघडायचं, वारा यायचा, उंच उंच मुलं आत यायची. ताई येत नव्हती.

ती आली तेव्हा पाळी अर्धी उलटली होती. तिला सांभाळणारे काका टॅक्सी चालवायचे आणि एक लांबचं भाडं करून तसेच तिला घेऊन आले होते. थोरली किडकिडीत, बाह्या आखूड झालेला स्वेटर घातलेली. टेबलांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. काका चहाकडे वळले आणि ती बाकापाशी येऊन उभी राहिली.

"आलीस का गं बाई!" मुकादम लगबगीने पुढे आली. "थांब, उठवते तिला. सकाळपासून तुझीच वाट बघतेय."

"नको, उठवू नका," थोरली हळू आवाजात म्हणाली.

"अगं, असं काय करतेस?"

"जागी झाली तर जाताना रडते. मग रात्रीपण रडते. तिच्या मावशींना झोप मिळत नाही. त्यांचा फोन आला होता काकांना, मी ऐकलंय." तिने वाकून धाकटीच्या गालाला चिकटलेली कोटाची बाही अलगद बाजूला केली. "मावशी कंटाळल्या तर तिला तिसरीकडे पाठवतील. मी नुसती बसते जवळ. चालेल ना?"

मुकादमने पुढे केलेला हात मागे घेतला. मागे कुणीतरी श्वास घेतला म्हणून तिने वळून पाहिलं, तर दारात लॉन्ड्रीवाली होती. कामावरून लवकर सुटून आलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिने सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड असं झालं होतं की मुकादमला वाटलं आता ही पाय मागे घेणार.

लॉन्ड्रीवाली आत आली, बाकासमोर गुडघे टेकून बसली आणि धाकटीला गदागदा हलवलं.

"ए, उठ! झोपायला आलीस काय इथे? ताई आलीय बघ."

थोरली घाबरली. "मावशी, ती रडेल."

"रडू दे. तिच्या रडण्याचं मी बघेन. ते तू नाही बघायचं. आणि तिला कुठेही पाठवत नाही मी, कळलं?" लॉन्ड्रीवालीचा आवाज रागावल्यासारखाच होता, पण लाल हात थोरलीच्या आखूड बाहीवरून फिरत होता. तिने मान वर करून टॅक्सीवाल्या काकांना हाक मारली. "अहो भाऊ, येत्या रविवारी हिला आमच्याकडे आणून सोडा. सकाळीच सोडा. दर रविवारी सोडलंत तरी चालेल."

धाकटी डोळे चोळत उठून बसली. ताईकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "किती उशीर केलास!" ती मुळीच रडली नाही. रडली ती थोरली. आधी आवाज न करता, मग हुंदके देत, मग अगदी लहान मुलासारखी भोकाड पसरून, सगळा हॉल वळून बघेपर्यंत. आणि लॉन्ड्रीवालीने तिला तशीच ओढून पोटाशी धरली.