दहावा माणूस खिडकीत

मी एक जुना सेफर आहे. चामड्याच्या लांब गुंडाळीवर बोरूने लिहिलेला, यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. मित्रांनो, माझ्या पोटात इतकी अक्षरं आहेत, तरी स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. म्हणून एका पत्रापासूनच सुरुवात करतो. ते माझ्यासाठीच आलं होतं आणि वर्ष उलटलं तरी इझिकेलबाबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

इझिकेल झिराडकर हे आमचे हजान. आमच्यात रब्बी, म्हणजे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, नाहीत. प्रार्थना, लग्न, बारसं, मयत, सगळं हजानच करतात. त्यांच्या आजोबांनी अलिबागजवळच्या आपल्या गावासाठी मला लिहवून घेतलं. गाव रिकामं झालं, तेव्हा मखमलीत गुंडाळून मला भांडुपच्या या लहानशा प्रार्थनाघरात आणलं. तेव्हा काय माझा थाट! सणाला पुरुष मला खांद्यावर घेऊन नाचत. बायका लांबूनच माझ्याकडे हात करून बोटांचं चुंबन घेत. मग एकेक कुटुंब इस्रायलला गेलं, आणि जे राहिले ते शनिवारी, आमच्या शब्बाथच्या प्रार्थनेच्या दिवशी, उशिरा उठू लागले.

आमचा नियम असा की दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय मला उघडून वाचायचं नाही. कित्येक शनिवार मी कपाटातच राहिलो.

ते पत्र इस्रायलमधल्या अश्दोदहून नाथनने लिहिलं होतं. लहानपणी तो बाबांकडेच वाचायला शिकला. ‘काका, इथे शब्बाथला आपली माणसं मावत नाहीत, पण सेफर उसना आहे. आपला द्याल का?’

बाबांनी ते ट्रस्टींना दाखवलं. सर्वांत मोठा आवाज सायमन वाक्रूळकरांचा.

“आपली शान आहे ती! हजान, तुम्ही ती वाटायला निघालात?”

“वाचणार कोण, सायमन?”

“अहो, आम्ही आहोत ना!”

बाबा भिडस्त. त्यांनी पत्र परत खिशात घातलं.

परवाच्या शनिवारी मात्र बाबांसह नऊजण जमले. बाबांचा चेहरा उजळला. शब्बाथला फोन करायचा नसतो, म्हणून त्यांनी वॉचमन कुंडलिकला समोरच्या इमारतीत वाक्रूळकरांकडे पिटाळलं. तो एकटाच परत आला.

“साहेबांचा गुडघा दुखतोय. म्हणतात, खिडकीत बसतो, मला तिथूनच मोजा.”

तेवढ्यात समोरून हाक आलीच. “चालू करा हो हजान! देव काय हजेरी घेतो?”

“खाली ये, सायमन. सगळे एका छताखाली लागतात.”

“ऐकू येतंय ना मला? मग झालं!”

कुंडलिक दारातच घुटमळला. “बाबा, मी बसू का? माणूसच कमी पडतोय ना?”

सगळे हसले. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मला चालला असतास रे. नियमाला नाही चालत.”

त्यांनी मला बाहेर काढलं होतं. न उघडताच परत ठेवलं.

दुपारी कुंडलिक दारातून सांगत आला, वाक्रूळकर सूट घालून कुणाच्या तरी लग्नाला निघालेत. जिना भराभर उतरले म्हणे.

“बघा, गुडघा बरा झाला,” कुंडलिक म्हणाला.

रविवारी बाबा एकटेच आले. कपाट उघडलं, माझ्यासमोर बसून पत्र लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. ‘नाथन, आपले लोक परत गोळा होतील म्हणून मी थांबलो होतो. उत्तराला उशीर झाला. येऊन सेफर घेऊन जा. एकच अट. दर शब्बाथला उघडायचा.’

मित्रांनो, मला वाचलं जायचं होतं, पण बाबांना सोडून नव्हे. कुलूप लावून शान मिरवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कामात ठेवा. आणि जो माणूस तुमची वाट पाहत बसलाय, त्याच्याकडे पायऱ्या उतरून जा. खिडकीतून हाक मारू नका.

बाबांनी कपाट उघडंच ठेवलं होतं, म्हणून मला दारातून रस्त्यापलीकडची लाल टपालपेटी दिसत होती. ते पेटीशी बराच वेळ उभे राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, “अंकल, टाकायचंय की नाही?” बाबा बाजूला झाले, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि मग त्यांनी पत्र टाकलं.