मिस्त्रीचे चार शब्द

मध्यंतराला सगळे आत आले, तसा मालीशकाकांनी आधी मिस्त्रीचा पाय मांडीवर घेतला. पोटरीचा नुसता दगड झाला होता. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. संघावर एक गोल चढला होता, आणि तो मिस्त्रीने सोडलेल्या चेंडूवर.

चेंडू सरळ त्याच्या पायाशी आला होता. आयत्या वेळी हा चक्क थांबला, आणि समोरच्या गड्याने तो जाळ्यात घातला. त्यात समोरचा संघ मिस्त्रीच्या जन्मदेशाचा. मग काय विचारता! जा आपल्या घरी, म्हणून प्रेक्षकांनी रान उठवलं.

मिस्त्री एकोणिसाव्या वर्षी या देशात आला तो फरशा बसवायला. जेवणाच्या सुट्टीत गवंड्यांबरोबर खेळताना कोणाच्या तरी नजरेत भरला. पुढे इथलाच झाला आणि देशाचा सदरा अंगावर चढला, त्यालाही आता नऊ वर्षं होत आली. बचावफळीत डावीकडे उभं राहून एकोणतीस सामने काढले. नावावर गोल एकही नाही. वर्तमानपत्रात दिसायचाच तर दुसऱ्याच्या फोटोच्या कडेला. पण काकांच्या हातांखालून इतके पाय गेले, त्यांत गुडघ्यांना घट्टे पडलेला हा एकटाच, आणि काका त्या गुडघ्यांना तेल लावायचे ते देवाची समई पुसावी तशा हाताने.

प्रशिक्षकांनी शांतपणे विचारलं, नेमकं काय झालं. मिस्त्रीने तोंड उघडायच्या आत गोलरक्षक म्हणाला, "माझं चुकलं. मीच ओरडलो, सोड म्हणून."

काकांना हायसं वाटलं. आता याने फक्त गप्प बसावं.

"हा नाही ओरडला," मिस्त्री म्हणाला. "माझा मावसभाऊ ओरडला, त्याच्या गड्याला. आमच्या भाषेत. गल्लीत मीच शिकवलंय त्याला तसं ओरडायला. ऐकलं आणि पाय थांबला."

हे कबूल करणं म्हणजे आपल्या हातांनी सदरा उतरवून ठेवणंच. राखीव खेळाडू बाकावरून अर्धा उठलासुद्धा.

"आणि परत ओरडला तर?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"परत ऐकू येणारच, साहेब. कान काही काढून ठेवता येत नाहीत. पण मग सगळ्यांनाच कळू दे ना."

आणि त्याने आपल्या भाषेतल्या चार हाका सगळ्यांना शिकवल्या. सोड. माझा. मागे बघ. पलीकडे फिरव. पोरांनी एकेक शब्द असा काही वाकडा केला, की मिस्त्री म्हणाला, अरे, घशातून काढा, सर्दी झाल्यासारखं काय बोलताय? सगळे हसले. तोही हसला. काकांच्या हाताखाली पोटरी मात्र अजून दगडच होती.

प्रशिक्षकांनी राखीव खेळाडूला बसायची खूण केली.

मग उत्तरार्धात पलीकडून हाक यायची आणि आपली पोरं आधीच तिथे पोचलेली असायची. समोरच्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, नंतर मिस्त्रीकडे. विसाव्या मिनिटाला बरोबरी झाली. त्यानंतर ते नुसत्या हातांनी खुणा करून खेळले. मैदानावर ती भाषा कोणी काढलीच नाही.

एक-एकवर शिट्टी झाली तेव्हा मिस्त्री पेटका येऊन गवतावर बसला होता. काका पिशवी घेऊन धावले. ते पोटरी दाबत असतानाच मावसभाऊ समोर येऊन उभा राहिला. सकाळी सरावाच्या वेळी हाच पोरगा मिस्त्रीच्या गळ्यात पडून काय काय भडाभडा बोलत होता. काकांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. दर दोन शब्दांमागे येणारं 'दादा' तेवढं मिस्त्रीने नंतर समजावून सांगितलं होतं, लाजत लाजत.

आता त्याने हात पुढे केला. एकेक शब्द शोधत, अडखळत म्हणाला, "तुम्ही चांगले खेळलात."

काकांना शब्दन् शब्द कळला.

मिस्त्रीने तो हात दोन्ही हातांत घेतला. "आभारी आहे," तो त्याच भाषेत, इथल्या भाषेत म्हणाला, आणि पाय टेकवत नव्हता तरी उठून उभा राहिला.