चौदा नंबरचा घाणा

इलोना रायफल घेऊन आली तेव्हा ब्लांका काडतुसांच्या चाचणीच्या बोगद्याच्या दारात पाठमोरी उभी राहून ब्लाउजच्या आत रुमाल सरकवत होती. दूध भरून आलं होतं आणि तान्ह्या मिल्काला घेऊन येणाऱ्या नवऱ्याचा, श्टेपानचा अजून पत्ता नव्हता.

"अगंबाई, ब्लांका! कसली गुटगुटीत झालीयेस! छान दिसतेस हं."

"तूही छान दिसतेस. फळीसारखी."

"हो ना! आई पण हेच म्हणते," इलोना खळखळून हसली.

या मुलीला टोमणा लागतच नसे. ब्लांकाला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा.

गावातल्या काडतुसांच्या कारखान्यात प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी कामाला होतं. ब्लांकाच्या सासूबाई काडतूस पेटवणाऱ्या ठिणगीच्या मसाल्याच्या खोलीत होत्या, त्यांच्याही सासूबाई तिथेच होत्या. त्या खोलीत जाताना केसातला आकडा काढून ठेवायचा, पायात लोकरी नमद्याच्या सपाता घालायच्या आणि भांडण दाराबाहेर सोडून जायचं, असं सुनांना स्वयंपाकाच्या आधी शिकवलं जाई. पूर्वी इथे बंदुकीचा बार पेटवणाऱ्या नुसत्या तांब्याच्या टोप्या व्हायच्या. मग शिकाऱ्यांची छऱ्यांची काडतुसं आली. लढाईच्या वर्षांत परक्यांच्या पहाऱ्याखाली जे करावं लागलं त्याबद्दल म्हातारी माणसं अजूनही सूप ढवळत गप्प बसतात. आणि आता कारखान्याचं नाव आहे ते करंगळीच्या पेराएवढ्या, स्पर्धेच्या बारीक काडतुसांसाठी.

ही काडतुसं मोठी लहरी. एका दिवशी एका यंत्रावर, एका मसाल्यात निघाली तो एक घाणा. पुढचा घाणा तसाच करायचा म्हटलं तरी तसा होत नाही. आणि कुठल्या रायफलच्या नळीला कुठला घाणा मानवेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून नेमबाज आपापली रायफल घेऊन कारखान्याच्या कुंपणालगतच्या या बोगद्यात येतात. रायफल लोखंडी पकडीत आवळायची, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष नको, आणि एकेक घाणा झाडून पाहायचा. ज्या नळीतून कागदावर भोकांचा सगळ्यात घट्ट झुबका पडेल, घाणा तिचा. बोगद्याचा आणखी एक नियम होता: शिल्लक असलेला प्रत्येक घाणा टेबलावर मांडायचा. बाळंतपणाआधी सहा वर्षं इथे चाचण्या घेताना ब्लांकाने तो पाळला होता.

आज टेबलावर चौदा नंबर नव्हता. त्याचं एकच खोकं उरलं होतं आणि ते मागच्या उबदार खोलीत, मिल्काच्या लंगोटांच्या पिशवीखाली होतं.

ब्लांकाच्या रायफलला चौदा नंबर जसा मानवायचा तसा दुसरा कुठलाच नाही. शनिवारी निवड होती. पिल्झेनच्या स्पर्धेला गावच्या नेमबाजी क्लबमधून एकच बाई जाणार होती. गेल्या वर्षी ब्लांकाचं पोट वाढलं आणि तिच्या जागी इलोना गेली; तेव्हापासून सगळे "आमची इलोना" म्हणायला लागले. शनिवारी आपण उतरणार, हे ब्लांकाने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, श्टेपानलासुद्धा. पण खोकं मात्र दडवलं होतं.

इलोनाने रायफल पकडीत ठेवली आणि ब्लांकाचा हात तिथेच थांबला.

नळी नवी होती. मधोमध निळसर झाक, तोंडाशी बारीक खाच. ही नळी ब्लांका ओळखत होती. क्लबच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या श्टेपानने लग्नाआधी एकाच पोलादाच्या जुळ्या नळ्या मिळवल्या होत्या. एक त्याने ब्लांकाच्या रायफलला बसवली. दुसरी त्याच्या कामाच्या टेबलावरच्या फळीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेली असायची. 'माझी झिजली की ही,' असं ब्लांका मनाशी धरून होती.

"श्टेपानने बसवली," इलोना कौतुकाने म्हणाली. "तीन आठवडे खपत होता बिचारा. काय हात आहे गं त्याचा!"

"माहितीये मला त्याचा हात."

तीन आठवडे! क्लबमध्ये काम आहे म्हणून तो उशिरा यायचा, आणि ब्लांका घरी पोरीला खांद्यावर टाकून येरझारा घालायची.

ब्लांकाने चाचणी सुरू केली. नव्या घाण्याच्या गोळ्यांवरचं मेण नळीला लागेपर्यंत थोड्या गोळ्या वाया घालवायच्या, मग खऱ्या दहा. सात नंबर पसरला. अकरा त्याहून पसरला. नऊ नंबर बरा निघाला.

"बराच आहे," इलोना कागद उजेडात धरून म्हणाली. पण ओठ मुडपले होते. "याहून चांगला नाही का गं एखादा?"

"मांडलेत तेवढेच."

तेवढ्यात श्टेपान आला, छातीशी मिल्का, आणि मिल्काचा सूर टिपेला.

"आली बघ आई! अगं, भोपळ्याचं सूप दिलं तर माझ्याच शर्टावर फुर्र करून उडवलं हिने."

ब्लांकाने पोर घेतली आणि त्याच्याकडे न बघता उबदार खोलीत गेली. मिल्का लुचायला लागली. त्या इवल्या मुठीने आईचं बोट पकडलं, तशी ब्लांकाच्या खांद्यांतली गाठ जरा सुटली. या पोरीसाठी तिने जग ओवाळून टाकलं असतं. मग एक जागा सुटली म्हणून इतकं का जळावं? पण जळत होतं खरं.

लंगोट काढायला श्टेपानने पिशवी उचलली. खाली खोकं. त्याने नंबर वाचला.

"ब्लांका?"

"ती नळी माझी होती."

"क्लबने मागितली. आणि तूच म्हणालीस, आता मी जन्मात रायफल घेऊन त्या चटईवर पालथी पडणार नाही. म्हणालीस की नाही?"

"तेव्हा छातीत गाठी होऊन मी रडत होते, श्टेपान! रडणाऱ्या बाईचं बोलणं काय दगडावरची रेघ असते?"

त्याने खोकं उचललं. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, ती नळी रोज डोळ्यांसमोर असली की तुला त्रास होईल."

"मग तिला देऊन माझा त्रास गेला?"

"ते मला सुचलं नाही."

"तीन आठवड्यांत?"

"मी काही बोलणार नाही," खोकं जागेवर ठेवत तो म्हणाला. "काय करायचं ते तू ठरव."

मिल्का झोपली. ब्लांका खोक्याकडे बघत बसली. न्याय, नियम, सासूबाईंच्या सपाता, काही तिच्या मनात आलं नाही. आलं ते एवढंच: त्या जुळ्या नळीतून चौदा नंबर कसा पडत असेल? माझ्यापेक्षा घट्ट? त्याने तिची नळी माझ्याहून जीव ओतून बसवली असेल का? ते कळल्याशिवाय तिला शनिवारपर्यंत घास उतरला नसता.

तिने पोर बापाच्या हातात दिली, खोकं उचललं आणि बोगद्यात आणून टेबलावर आपटलं.

"हा एक राहिला होता."

"कुठे होता?" इलोनाने विचारलं.

"लंगोटांखाली."

इलोना हसली. तिला ती थट्टाच वाटली.

दहा गोळ्या गेल्या. कागद आला. मधोमध एकच भोक, वर मसुराचा दाणा ठेवला तर झाकलं जाईल एवढं. इलोना किंचाळली आणि ब्लांकाच्या गळ्यातच पडली.

"थांब. अजून एक रायफल बाकी आहे. श्टेपान, क्लबच्या कपाटातली माझी आण."

मागच्या दारातून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, इलोनाच्या हातात मिल्का दिली आणि गेला. इलोनाने ती पोर भरलेल्या घागरीसारखी धरली होती.

ब्लांकाची रायफल पकडीत बसली. तेलाचा जुना वास आला. दहा गोळ्या. मसुराचा दाणा ठेवला, तर कडेला केसभर काळं बाहेर राहिलं.

केसभर. पण बाहेर.

"नियमाने घाणा तुझा," ब्लांका म्हणाली. कागदावर सही करताना पेन कागदात रुतलं. "मी शनिवारी नऊ नंबर आणीन."

"शनिवारी?" इलोनाचं हसू अर्ध्यावर राहिलं. "तू... उतरणार आहेस? पण तू तर सोडलं होतंस ना?"

"कोण म्हणालं?"

इलोनाने श्टेपानकडे पाहिलं. श्टेपान छताकडे बघत होता. मग तिने ब्लांकाच्या रायफलकडे पाहिलं, त्या केसभर मोठ्या भोकाकडे, आणि जागी होऊन आपल्या कडेवरून आईकडे झेपावणाऱ्या पोरीकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आंबट चढलं. सगळं हिचंच, नवरा, पोर, हात, आणि आता जागा पण? असं तिने तोंडाने म्हटलं नाही, पण ब्लांकाला अक्षर न् अक्षर वाचता आलं. वर्षभर तीच बाराखडी तर गिरवली होती तिने. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती बघताना किती गोड वाटत होतं!

"अर्धं घे चौदा नंबर," इलोना घुश्शातच म्हणाली. "नाहीतर हरल्यावर म्हणशील, काडतुसं नव्हती."

नको म्हणावं, असं ब्लांकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. मानी बाईने तेच म्हटलं असतं.

"आण इकडे," ती म्हणाली आणि खोकं पुढे ओढलं. "आणि पोरीला नीट धर. झेप घेते ती."