घरच्या पिठावरचा निकाल

मित्रांनो, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका कोठारात गंजत उभे असलेले मी एक जुने लोखंडी जाते आहे. शेतमालक क्लेमेंट डोर्श यांच्या वडिलांनी मला या शेतावर आणले. घरचा गहू मी दळत असे. कोंबड्यांना भरडा आणि क्लेमेंटच्या पत्नी लविनियाबाईंना पावासाठी पीठ. असे मऊ पीठ दुकानात मिळायचे नाही, असे बाई पाहुण्यांना सांगत आणि मी सुखावून जाई.

पुढे गव्हाचे भाव सावरावेत म्हणून सरकारने प्रत्येक शेताला पेऱ्याची मर्यादा घातली. क्लेमेंटनी मर्यादेबाहेरचा मागचा तुकडाही पेरला. तो गहू बाजारात जायचा नव्हताच, माझ्याकडेच यायचा होता. तरी मोजणी झाली, दंड झाला, आणि क्लेमेंट कोर्टात गेले.

त्यांचा बालमित्र एमेट रस्क शेजारीच शेती करी. सरकारने शेतकऱ्यांचे मतदान घेतले तेव्हा त्याने मर्यादेच्या बाजूने मत दिले होते. एकदा तो कोठारात आला.

"क्लेमेंट, भाव पडले तेव्हा विकणं परवडेना म्हणून आपण मका चुलीत जाळलाय. तू एकटा दळलास तर काही नाही रे. पण सगळेच घरचं दळायला लागले, तर माझा गहू घेणार कोण?"

"आणि माझ्या घरात पाव कशाचा व्हायचा, हे राजधानीत ठरायचं?"

एमेट निघून गेला. मला दोघांचेही पटत होते, पण मला कोण विचारणार?

खालच्या कोर्टात क्लेमेंट जिंकले, सर्वोच्च न्यायालयात हरले. लविनियाबाईंनी वर्तमानपत्रातला निकाल वाचून दाखवला. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार आहे. घरचा गहू खाणारा बाजारातला गहू घेत नाही. असे अनेक झाले की देशाचा व्यापार हलतो. म्हणून घरचा गहूही त्या अधिकाराखाली येतो. क्लेमेंटनी ते पुन्हा वाचायला लावले. मग मागच्या तुकड्यात गवत वाढू दिले. माझे काम संपले.

बऱ्याच वर्षांनी कोंबड्यांचे खाद्य आणणारा कृष्णवर्णीय ट्रकचालक थॅडियस कोल्स माझ्यापाशी थांबला. याचं काय झालं, असे त्याने विचारले. क्लेमेंटनी सगळी कडू हकिगत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि पोते खाली ठेवले.

"डोर्शसाहेब, परवा आईला भेटायला अलाबामात गेलो होतो. वाटेतल्या खानावळीत पुढच्या दारानं आत गेलो, टेबलाशी बसून जेवलो. आधी आम्हा काळ्यांना मागच्या खिडकीतून पुडी मिळायची. केंद्रानं कायदा करून हा भेद बंद केला, तर तसले मालक म्हणायचे, आमचा धंदा गावातला, केंद्राचा काय संबंध? कोर्ट म्हणालं, तुमचं मांस परराज्यातून येतं, संबंध आहे. आधार तुमच्यासारख्या खटल्यांचाच होता म्हणे."

क्लेमेंटनी ते पोते भिंतीशी सरकवले. मग त्यांनी विचारले, "जेवायला काय होतं?"

"तळलेला मासा. जरा खारट होता."

क्लेमेंट हसले, आणि पोत्यावर बसून त्यांनी तोंड हातांनी झाकले. तो निकाल चुकला, असे आता त्यांना धड म्हणता येईना, आणि बरोबर होता, असेही म्हणवेना.

मलाही कळत नाही, मित्रांनो. मी गंजले याचे दुःख आहे, पण त्या माणसाच्या जेवणाआड यायची माझी इच्छा नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या न्यायाच्या खुर्चीत बसले, तर अधिकाराचा हात लांबवताना त्याच्या टोकाशी कोण उभे आहे ते जाऊन पाहा. निकाल तोच द्यावा लागला, तरी आधी पाहून या.